डोंगरवाटा आवडणाऱ्या घरासाठी कुत्रा कसा निवडावा

घरात कुत्रा आणायचं ठरलं की ट्रेकिंग करणाऱ्या मंडळींच्या डोळ्यांसमोर एक चित्र आधीच तयार असतं: गडाच्या माचीवर वारा खात बसलेला रुबाबदार कुत्रा आणि शेजारी आपण. त्या चित्रात बहुतेक वेळा हस्की, जर्मन शेफर्ड किंवा गोल्डन रिट्रीव्हर असतो. मग पिल्लू येतं, पहिला एप्रिल येतो, आणि सकाळी नऊनंतर गच्चीवरही न टिकणारा तो कुत्रा फरशीवर पोट टेकून दिवसभर धापा टाकत पडतो. यात कुत्र्याचा काही दोष नाही. त्याची जात दुसऱ्या हवामानासाठी आणि दुसऱ्या कामासाठी घडवलेली आहे.

महाराष्ट्रात राहणाऱ्या आणि सह्याद्रीत किंवा कोकणात हिंडणाऱ्या कुटुंबानं आधी स्वतःचा आठवडा बघावा, मग आपलं हवामान, मग त्या जातीचं मूळ काम आणि वजन. रूप सगळ्यात शेवटी. पुढचा सगळा लेख याच क्रमानं आहे.

पहिली पायरी: सोमवार ते शुक्रवारचा हिशेब

ट्रेक महिन्यातून दोन रविवार होतो. कुत्रा उरलेले सगळे दिवसही तुमच्याच घरात असतो. म्हणून जातींची नावं काढण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून एक कागद भरावा. सकाळी सहाला कोण फिरवणार? रात्री जेवणानंतर कोण? जुलैत चार दिवस पाऊस उघडला नाही तर कोण? दहावी-बारावीच्या वर्षात कोण? दिवाळीत गावी जाताना तो कुठे राहणार? प्रत्येक प्रश्नापुढे एक नाव लिहा. ‘सगळे मिळून’ हे उत्तर चालत नाही. त्याचा अर्थ शेवटी आई, असाच होतो.

घरात आजी-आजोबा असतील तर त्यांचं मत आधी घ्या. तीस किलोचा तरुण लॅब्रॅडॉर प्रेमानं अंगावर आला तरी सत्तरीतल्या माणसाचा तोल जातो आणि खुब्याचं हाड मोडू शकतं. घर शाकाहारी असेल तर कुत्र्याच्या खाण्याबद्दलही आत्ताच बोलून घ्या. अंडी, चिकन घरात शिजणार की फक्त तयार खाद्य आणायचं? पिल्लू आल्यावर हा वाद काढू नका.

आता खरा आकडा काढा: रोज किती मिनिटं व्यायाम देता येईल? तास-सव्वा तास देता येत असेल तर बरेच पर्याय खुले आहेत. पाऊण तासाच्या वर जमणार नसेल तर बॉर्डर कॉली, हस्की, डाल्मेशियन आणि शिकारी रक्ताचे बहुतेक कुत्रे यादीतून काढून टाका. रविवारची वीस किलोमीटर चाल आठवडाभराच्या बसण्याची भरपाई करत नाही. उलट आठवडाभर सोफ्यावर असलेला कुत्रा एकदम गडावर नेला तर सांधे आणि तळवे दोन्ही दुखावतात.

दुसरी पायरी: तुम्ही नेमके कुठे जाता?

‘आउटडोअर’ या एका शब्दात फार वेगवेगळ्या गोष्टी येतात. मागच्या वर्षभरात कुठे कुठे गेलात त्याची यादी करा आणि प्रत्येक नावापुढे लिहा, इथे कुत्रा येऊ शकला असता का.

निम्मी नावं बाद होतील, तयारी ठेवा. हरिश्चंद्रगड, रतनगड, सांदण दरी हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वासोटा कोयना अभयारण्यात आहे. भीमाशंकर, राधानगरी, फणसाड, कर्नाळा, बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान, गोव्यातलं मोले आणि म्हादई, या सगळ्या संरक्षित जागा आहेत. तिथे पाळीव कुत्रा नेण्याची मुभा नसते आणि असली तरी नेऊ नये. कुत्र्यांकडून डिस्टेंपरसारखे आजार रानातल्या प्राण्यांत जातात. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात याच आजाराचा विषाणू सापडला होता. शिवाय बिबट्या आहेच. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्या भक्ष्यात सर्वात मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. जुन्नर, आंबेगाव, अकोले या पट्ट्यात तंबू टाकणार असाल तर रात्री कुत्रा तंबूच्या आत हवा, बाहेर बांधलेला नको.

शिड्या, दोर आणि उभे कातळटप्पे असलेले गडही सोडा. कुत्र्याला पाठीवर बांधून शिडी चढणं दोघांच्याही जिवाशी खेळ आहे.

मग उरतं काय? पुष्कळ. लोणावळ्याहून राजमाचीची लांब पण सौम्य वाट, गावांमधल्या जुन्या पायवाटा, धरणांच्या काठची पठारं, शेतघर, कोकणातले कमी गर्दीचे किनारे, पहाटेचं धावणं. मिळालेल्या यादीवरून ठरवा: तुम्हाला लांब चालणारा कुत्रा हवा, पाण्यात रमणारा हवा, की शेतावर मोकळा पळणारा? तिन्हीची उत्तरं वेगळी आहेत.

तिसरी पायरी: ऊन, दमट हवा आणि कुसळ

बहुतेक लोक फसतात ते इथे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कुत्र्याला घाम फक्त तळव्यांतून, तोही नाममात्र येतो. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो: जिभेवरची, तोंडातली ओल वाफ होते आणि शरीर गार होतं. हवा दमट असली की ही वाफ नीट होत नाही. म्हणून मे महिन्यातल्या अलिबागच्या ३४ अंशांत कुत्रा विदर्भातल्या कोरड्या ३४ अंशांपेक्षा लवकर तापतो. त्याच्या शरीराचं तापमान साधारण ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं. ४१ च्या वर गेलं की जीव धोक्यात येतो. चाल अडखळली, लाळ चिकट आणि जाड झाली, हिरड्या गडद लाल दिसल्या तर तिथेच थांबा. सावलीत न्या, अंगावर साधं पाणी ओता, वारा घाला, आणि तसंच गाडीत घालून पशुवैद्याकडे चला.

हे समजलं की काही जाती आपोआप बाजूला होतात. पग, फ्रेंच बुलडॉग, शिह त्झू या चपट्या नाकाच्या कुत्र्यांची श्वासाची वाटच आखूड आणि अरुंद असते. घरात ते गोड असतील, डोंगरात नेऊ नका. हस्की, सेंट बर्नार्ड, अलास्कन मॅलम्यूट यांच्या अंगावर थंड प्रदेशासाठीची दुहेरी लोकर असते. ‘उन्हाळ्यात केस कापून टाकू’ हा उपाय नाही. तो कोट ऊनही अडवतो, आणि भादरल्यावर अनेकदा नीट परत येत नाही.

सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट आणि कोकणातला जांभ्याचा सडा सकाळी दहानंतर तव्यासारखा तापतो. हाताच्या पंजाची मागची बाजू कातळावर सात सेकंद टेकवून बघा. तुम्हाला सोसत नसेल तर त्यालाही सोसत नाही.

आता कुसळ. परदेशी माहिती वाचून जात निवडणाऱ्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस पठारांवरचं गवत पिवळं पडतं आणि कुसळं सुटतात. आपल्या मोज्यांत घुसतात ती आपण उपटून टाकतो. कुत्र्याच्या बोटांच्या बेचक्यात शिरलेलं कुसळ मात्र टोकाकडून आत आत सरकत जातं, कारण त्याच्यावरचे बारीक उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. दोन दिवसांनी कुत्रा एकच पंजा सारखा चाटू लागतो. मग बेचक्यात वाटाण्याएवढी सूज, मग पू. कानात गेलं तर तो डोकं एका बाजूला झुकवून झटकत राहतो, आणि ते बहुधा भूल देऊनच काढावं लागतं. लांब, रेशमी केस आणि लोंबते कान असलेल्या कॉकर स्पॅनियलचे यात सर्वाधिक हाल होतात. गोल्डन रिट्रीव्हरचेही कमी नाहीत. ट्रेकिंगचा खरा हंगाम आणि कुसळांचा हंगाम एकच आहे, त्यामुळे आखूड केसांचा कुत्रा ही माझ्या मते डोंगरात जाणाऱ्या घराची जवळजवळ अटच असावी.

गोचिडींनाही तोच न्याय. गुरं चरतात त्या रानात गोचीड लागणारच. आखूड केसांत ती बोटांना लगेच लागते, दाट लोकरीत आठवडाभर सापडत नाही.

चौथी पायरी: जातीचं मूळ काम विचारा

प्रत्येक जात कुठल्या तरी कामासाठी पिढ्यान् पिढ्या निवडून तयार झाली आहे. ते काम रानात गेल्यावर उफाळून येतं, घरातलं शिक्षण कितीही चांगलं असो.

*गावठी कुत्रा.* माझी पहिली शिफारस हीच, आणि ती निव्वळ दयेपोटी केलेली नाही. आखूड केस, उभे कान, पंधरा ते पंचवीस किलो वजन, लांब चालीची शरीरयष्टी आणि आपल्या उन्हापावसाची सवय. डोंगरवाटेसाठी याहून योग्य बांधा मुद्दाम घडवायचं म्हटलं तरी अवघड आहे. हा माणसाकडे लक्ष ठेवून चालतो, पाय कुठे टाकायचा हे त्याला कळतं. अडचणी दोन. एक, त्याला स्वतःची हद्द फार महत्त्वाची वाटते, आणि वाटेतल्या प्रत्येक वाडीवर त्याच्यासारखेच हद्द सांभाळणारे कुत्रे असतात. दोन, पिल्लूपणी माणसांची सवय झाली नसेल तर तो बुजरा राहतो. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यात भेटलेली माणसं, आवाज, वाहनं, जनावरं त्याला आयुष्यभर ओळखीची वाटतात. म्हणून पिल्लू आणलंत तर हा काळ वाया घालवू नका. आणि गावठी म्हणजे त्याला काही होत नाही, हा समज चुकीचा आहे. पार्व्हो, डिस्टेंपर, गोचीडताप त्यालाही होतो आणि लसी सगळ्या लागतात.

*कारवान, म्हणजेच मुधोळ हाउंड.* उत्तर कर्नाटकातल्या मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपडे यांनी जोपासलेली ही जात सोलापूर, लातूर, सांगली भागात धनगर-शेतकऱ्यांकडे आजही दिसते. २००५ मध्ये टपाल खात्यानं चार भारतीय जातींवर तिकिटं काढली, त्यातली ही एक. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे नोंद ‘कॅराव्हॅन हाउंड’ नावानं असते, त्यामुळे कागदावर ते नाव दिसलं तर गोंधळू नका. पातळ अंग, खोल छाती, लांब पाय, आणि पळताना डोळ्याचं पातं लवायच्या आत शेताच्या पलीकडे. घरात मात्र हा शांत, जवळपास निवांत असतो.

पण हा नजरेनं शिकार करणारा कुत्रा आहे. ससा किंवा मुंगूस दिसलं की तुमची हाक त्याच्या कानापर्यंत पोचत नाही. दरीच्या काठावर हे जीवघेणं ठरू शकतं. तो पट्ट्यातच हवा, आणि आठवड्यातून दोन-तीनदा कुंपण असलेल्या मोकळ्या जागेत त्याला जीव तोडून पळू द्यायला हवं. शेत किंवा शेतघर असेल तर यासारखा साथीदार नाही. सहाव्या मजल्यावरच्या घरात, लहान मुलांच्या मित्रमंडळींच्या वर्दळीत मी तो सुचवणार नाही. परक्या माणसानं अंगाला हात लावलेला त्याला आवडत नाही. कान-शेपटीला लांब केस असलेला ‘पश्मी’ प्रकार दिसायला देखणा, पण कुसळांचं आठवा. एक आरोग्याची गोष्ट: अशा सडपातळ हाउंड जातींना भुलीची काही औषधं नीट मानवत नाहीत, नसबंदीच्या वेळी पशुवैद्याशी याबद्दल बोला.

तमिळनाडूचा राजापालयम आणि चिप्पीपराई यांचाही स्वभाव याच घराण्यातला. राजापालयमच्या पांढऱ्या रंगाबरोबर काही पिल्लांत बहिरेपण येतं. पिल्लू दुसरीकडे बघत असताना मागे चुटकी वाजवून पाहा.

*लॅब्रॅडॉर.* लहान मुलं, पाहुणे, पाणी, सगळ्यांशी जमणारा. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या कुत्र्यांपासून हा आला, म्हणून समुद्र आणि तलाव म्हणजे त्याचं माहेर. कोकणात जाणाऱ्या, लहान मुलांच्या कुटुंबाला मी आजही लॅब सुचवेन. अट एकच, तो सडपातळ ठेवायचा. २०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की सुमारे चौथा हिस्सा लॅब्रॅडॉरमध्ये भुकेशी संबंधित एका जनुकात बदल असतो. त्यांची नजर कायम ताटावर असते ती उगाच नाही. हात फिरवल्यावर बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. आपल्याकडे दिसणारे अर्धेअधिक लॅब या परीक्षेत नापास होतील, आणि त्या वजनाचा भार खुब्यावर पडतो.

*बीगल.* आकारानं सोयीचा, आखूड केसांचा, दमदार. पण सशाच्या वासामागे टोळीनं धावण्यासाठी घडवलेला. वास मिळाला की नाक खाली आणि बाकी जग बंद. लांब दोरीवर नेलात तर मजा येईल. मोकळा सोडाल तर संध्याकाळ त्याला शोधण्यात जाईल. आवाजही खणखणीत, तेव्हा शेजाऱ्यांचा विचार करा.

*जर्मन शेफर्ड आणि डॉबरमन* अनुभवी माणसाच्या हातात उत्तम. पहिला कुत्रा म्हणून, रोजच्या शिक्षणाला वेळ नसताना, नकोत. शेफर्डची पाठ मागे फार उतरती असेल तर तो चढ-उताराला चांगला नाही. *बॉर्डर कॉली*ला पायांइतकंच डोक्याला काम लागतं. ते मिळालं नाही तर तो सायकली, गाड्या आणि पळणारी मुलं हाकू लागतो.

पाचवी पायरी: उचलून आणता येईल का?

राजमाचीच्या वाटेवर मधोमध पंजा फाटला, गाव दीड तास लांब आहे. कुत्रा उचलून आणणार कोण? वीस किलोचा कुत्रा एक माणूस खांद्यावर घेऊन टप्प्याटप्प्यानं उतरू शकतो. पस्तीस किलोच्या कुत्र्याला चादरीची झोळी आणि चार हात लागतात, तेही सरळ वाटेवर. घरातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं घेऊन जिन्याचे तीन मजले उतरायला सांगा, उत्तर मिळेल. माझ्या मते डोंगरात नियमित जाणाऱ्या कुटुंबासाठी पंचवीस किलो ही समजूतदार मर्यादा आहे.

सहावी पायरी: पिल्लू कुठून आणायचं

दत्तक घ्यायचं असेल तर शहरातल्या प्राणी निवारा केंद्रांत एकदा नाही, तीन-चारदा जा, वेगवेगळ्या वेळी. दीड-दोन वर्षांचा कुत्रा घेण्याचा विचार जरूर करा. त्याचा स्वभाव, उंची, वजन, माणसांशी वागणं समोर दिसतं. पिल्लात हे सगळं अंदाजावर असतं. केंद्र परवानगी देत असेल तर त्याला बाहेर तासभर चालवून बघा.

विकत घ्यायचं असेल तर कुत्र्यांचं प्रजनन आणि विक्री यांविषयीचे केंद्राचे २०१७ चे नियम माहीत असू द्या: आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही आणि प्रजनन करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. ‘महिन्याचं आहे, लवकर न्या, लळा लागतो’ असं कुणी म्हणालं की निघून या. पिल्लाची आई बघायला मागा. ती भित्री किंवा चिडकी असेल तर पिल्लांत तो गुण उतरण्याची शक्यता मोठी. लॅब आणि शेफर्डसाठी आई-बापाच्या खुब्याच्या एक्स-रेबद्दल विचारा. हायवेवर गाडी उभी करून पिल्लू हातात देणाऱ्याकडून कधीही घेऊ नका.

सातवी पायरी: पहिलं वर्ष आणि पहिला ट्रेक

लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, दर तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, साधारण सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. भातखाचरं, ओढे, कोकण यात फिरणार असाल तर लेप्टोस्पायरोसिसची लस घेतलीच पाहिजे. उंदरांच्या मुतानं दूषित झालेल्या पाण्यातून तो आजार कुत्र्याला आणि माणसालाही होतो. पालिकेचा परवाना याच काळात काढून टाका.

हाडांची वाढ पूर्ण व्हायला मध्यम कुत्र्याला वर्षभर, मोठ्याला दीड वर्ष लागतं. तोपर्यंत सपाट फिरणं, पोहणं, गवतावर खेळणं. लांब उतार आणि उड्या नाहीत. सहा महिन्यांचं पिल्लू गडावर नेऊन काढलेले फोटो बघितले की मला वाईट वाटतं, त्याची किंमत ते पाच वर्षांनी मोजतं.

या वर्षात तीन गोष्टी पक्क्या करा: हाक मारल्यावर परत येणं, गुरं-शेळ्या दिसल्यावर शांत उभं राहणं, आणि तोंडातली वस्तू सोडणं. तिसरी कशाला? वाटेवर लोकांनी टाकलेल्या हाडांसाठी, आणि आपल्याच खाऊसाठी. कांदा, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी आहेत, आणि ट्रेकच्या डब्यात तिन्ही हमखास असतात.

पहिली वाट तीन-चार किलोमीटरची, हिवाळ्यातली, सकाळी नऊच्या आत संपणारी निवडा. खाणं निघण्याच्या तीन-चार तास आधी, गाडीतली उलटीही त्यानं टळते. खोल छातीच्या जातींना भरल्या पोटी पळवणं तर घातकच. गळपट्ट्याऐवजी छातीचा हार्नेस, पाठीवर हँडल असलेला. पाणी त्याचं वेगळं घ्या, साचलेल्या डबक्यातलं नको. संध्याकाळी बांधावरून, दगडांच्या राशींजवळून जाताना दोर आखूड धरा. घोणस आणि फुरसं तिथेच असतं. जवळच्या तालुक्यात सापाच्या विषावरचं औषध कोणत्या पशुवैद्याकडे मिळतं ते निघण्याआधी फोन करून विचारा.

परतल्यावर गाडीत बसण्याआधी तपासा: कानाच्या आत आणि मागे, काखा, जांघा, शेपटीचं मूळ, मग प्रत्येक पंजा उलटा करून बोटांची बेचकी एकेक उघडून. गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल, तेल, उदबत्ती असले उपाय करू नका. महिन्याची किंवा तीन महिन्यांची गोचिडींवरची गोळी पशुवैद्याला विचारून वर्षभर चालू ठेवा. आणि ट्रेकनंतरच्या दोन-तीन आठवड्यांत कुत्रा जेवायचा कमी झाला, अंग गरम लागलं, हिरड्या फिक्या दिसल्या किंवा लघवी गडद झाली तर थकवा समजून वाट बघू नका. त्याच दिवशी गोचीडतापासाठी रक्त तपासून घ्या, आणि कुठल्या रानात फिरून आलात तेही पशुवैद्याला सांगा.